पिल्लू, क्रेट आणि दाराची कडी

क्रेट म्हणजे कुत्र्याला आत उभं राहता येईल, गोल वळता येईल आणि पाय ताणून झोपता येईल एवढी, दार असलेली पेटी. तिच्यात आपणहून जाऊन स्वस्थ पडण्याची पिल्लाला लावलेली सवय म्हणजे क्रेट ट्रेनिंग. विषय एवढाच आहे. पण क्रेट येतो तो चार-पाच माणसांच्या घरात, आणि कडी असलेली कोणतीही वस्तू घरात आली की ती कोणी लावायची आणि कोणी काढायची यावरून दोन पक्ष पडतात. पिल्लू आणायला महिनोन्‌महिने विरोध करणारे आजोबा क्रेट दिसताच पिल्लाचे वकीलपत्र घेतात. 'मुक्या जनावराला कोंडता कसले?' असं ते विचारतात. ज्या नातीने पिल्लासाठी जेवण सोडायची धमकी दिलेली असते, तीच आता कडीवर हात ठेवून उभी असते. क्रेटचा जास्त उपयोग दार उघडं असतानाच होतो, हे दोन्ही पक्षांच्या ध्यानात येईपर्यंत पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के आलेले असतात, म्हणजे त्याचं वय सहा-सात महिन्यांचं झालेलं असतं.

आजोबांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास बंदी करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, प्राण्याला हालचाल करायला पुरेशी उंची, लांबी आणि रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा धरला आहे. स्वीडन आणि फिनलंडमध्ये तर घरात कुत्र्याला क्रेटमध्ये बंद करून ठेवायलाच मनाई आहे. प्रवास, प्रदर्शन अशा ठरावीक कारणांपुरती सूट मिळते. उलट अमेरिकेत पुष्कळ घरांत पिल्लाच्या आधी क्रेट येऊन बसतो. आपल्याकडे मधला मार्ग निघतो: क्रेट पिल्लानंतर पंधरा दिवसांनी येतो, सोफ्याचा एक पाय बारीक झाल्यावर.

क्रेटच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, म्हणजे रीतसर आणलेलं पिल्लू घरी येतं तेव्हा निदान दोन महिन्यांचं असतं. या वयाचं पिल्लू चोवीसपैकी अठरा ते वीस तास झोपून काढतं. क्रेट लागतो तो उरलेल्या चार-सहा तासांसाठी. एवढ्या अवधीत चार्जरची वायर, तुळशीच्या कुंडीतली माती आणि नव्या चपलांपैकी फक्त डावी, एवढं काम ते सहज उरकतं. पुढेही क्रेटची सवय वाया जात नाही. नसबंदीनंतर डॉक्टर 'याला उड्या मारू देऊ नका' म्हणतात तेव्हा ती उपयोगी पडते. विमानाच्या सामानकक्षातून जायचं तर टणक पेटीशिवाय घेतच नाहीत. रेल्वेत फर्स्ट एसीचा कूपे मिळाला नाही तर गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समधून जावं लागतं, आणि तिथे पहिल्यांदाच पेटी बघणारा कुत्रा मनमाडपर्यंत सगळ्या गाडीला ते कळवत राहतो.

बाजारात क्रेटचे चार प्रकार मिळतात. तारेचा घडी होणारा क्रेट हवेशीर असतो, त्याचा तळाचा ट्रे ओढून धुता येतो. मात्र ट्रे खडखडतो आणि पहिल्याच खडखडाटाला पिल्लू जे बाहेर पळतं ते दुसऱ्या दिवशी येतं. खाली एक जुनी सतरंजी घातली की हा प्रश्न सुटतो. प्लॅस्टिकची पेटी प्रवासाला उत्तम, पण नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तिच्यात कुत्राच काय, बटाटेही ठेवू नयेत. कापडी क्रेट हलका, देखणा आणि उचलायला सोपा असतो. दात शिवशिवणारं पिल्लू त्यातून दार नसलेल्या बाजूने बाहेर येतं. चौथा सागवानी, वर फुलदाणी ठेवायची सोय असलेला. तो माणसांसाठी असतो. लाकडात मुरलेला वास कोणत्याही पॉलिशने जात नाही, हे तो विकणारा सांगत नाही. पहिल्या पिल्लासाठी तारेचा घ्यावा आणि घेताना आत हात घालून तारांची टोकं चाचपावीत. फटी इतक्या रुंद नसाव्यात की पंजा किंवा जबडा अडकेल. दुकानदार मजबुती दाखवायला क्रेटच्या टपावर थापा मारतो, पण पिल्लू टपावर राहणार नसतं.

खरी गंमत मापात आहे. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी आणि जमिनीपासून डोक्यापर्यंत उंची घ्यायची, दोन्हींत तीन-चार इंच मिळवायचे, की क्रेटचं माप निघतं. मापं इंचांत असतात: शिह त्झूला २४, बीगलला ३०, मध्यम बांध्याच्या देशी कुत्र्याला ३६, लॅब्रेडॉरला ४२, ग्रेट डेनला ४८ किंवा त्याहूनही मोठं. कारवानीसारख्या उंच पायांच्या जातीला लांबीबरोबर उंचीही तपासावी. ही मापं पूर्ण वाढलेल्या कुत्र्याची आहेत. समोर असतं ते मात्र तांब्याएवढं पिल्लू, आणि मोजपट्टी धरली की ते आधी मोजपट्टी खातं.

इथे मराठी घराची जुनी बुद्धी जागी होते. शाळेचा गणवेश जसा वाढत्या अंगाचा घेतात, तसा क्रेटही वाढत्या अंगाचा घेतला जातो. गणवेश ढगळ असला तर मुलगा बावळट दिसतो, एवढंच. क्रेट ढगळ असला तर पिल्लू त्याच्या एका टोकाला झोपायची खोली आणि दुसऱ्या टोकाला संडास करतं. झोपायची जागा शक्यतो घाण करायची नाही, हा कुत्र्याचा स्वभाव आणि सगळ्या क्रेट ट्रेनिंगचा पाया. पण स्वभाव जागेपुरता असतो, आणि जागा भरपूर असेल तर पिल्लू ती अटॅच्ड बाथरूमसह वापरतं. यावर उपाय साधा आहे. मोठ्या क्रेटबरोबर बहुधा मधे उभा करायचा जाळीचा पडदा येतो. तो लावून पिल्लाला त्याच्या मापापुरती खोली द्यायची आणि ते वाढेल तसा पडदा मागे सरकवायचा. बहुतेक घरांत हा पडदा पहिल्याच दिवशी खोक्याबरोबर रद्दीत जातो, कारण तो कशाचा भाग आहे ते कुणाला कळत नाही.

४२ इंची क्रेट साधारण २८ इंच रुंद असतो, म्हणजे तो आठ चौरस फुटांहून थोडी जास्त जागा घेतो. पुण्या-मुंबईत आठ चौरस फुटांचा भाव काढून पाहण्याचा मोह टाळावा. तो काढला की क्रेटची जागा गॅलरीत ठरते, आणि ती सर्वांत चुकीची. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकाट कुत्र्यांच्या विणीच्या जागांचा अभ्यास केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. माद्यांनी पिल्लांसाठी ज्या जागा निवडल्या होत्या त्या माणसांपासून लांब, निवांत अशा नव्हत्या. माणसाच्या वावराजवळच्या होत्या. रखवालदाराच्या खोलीमागे आणि जिन्याखाली पिल्लं का सापडतात, याचं कोडं त्यातून बरंचसं सुटतं. घरातल्या पिल्लालाही तेच हवं असतं. दिवसा क्रेट हॉलच्या कोपऱ्यात असावा, जिथून टीव्ही नाही तरी टीव्ही बघणारे दिसतील. ऊन थेट येऊ नये, पंख्याचा वारा लागावा, आणि दाराची घंटा फार जवळ नसावी.

क्रेट हॉलमध्ये आला की त्याचं टप सपाट आहे हे घराच्या लक्षात येतं. सपाट जागा मोकळी ठेवणं मराठी घराला जमत नाही. आधी किल्ल्या येतात, मग हेल्मेट, मग इस्त्रीचे कपडे, आणि गणपतीत तिथे आरतीची झांज ठेवली जाते. आत झोपलेल्या पिल्लाच्या डोक्यावर दर दहा मिनिटांनी काहीतरी आदळत असेल, तर ते आत झोपणार नाही हे उघड आहे. टप मोकळं ठेवण्याचा नियम घरातल्या मोठ्यांसाठी, आणि आत जाऊन बसायचं नाही हा लहानांसाठी. दुसरा मोडला जातोच. शेजारचा चार वर्षांचा मुलगा आत बसून दार ओढून घेतो, त्याचे फोटो निघतात, आणि पिल्लू बाहेर उभं राहून ते बघतं.

आत काय घालायचं याला फार विचार लागत नाही. स्पंजची महागडी गादी दोन दिवसांत गादी उरत नाही. जुनी चादर किंवा गोधडी पुरते, आणि पिल्लू तीही फाडून गिळत असेल तर काही दिवस नुसता ट्रे चालतो, कारण गिळलेलं कापड आतड्यात अडकतं आणि ते काढायला शस्त्रक्रिया लागते. क्रेट झाकायला वर टाकलेल्या सुती साडीचा पदर जाळीतून आत ओढला जाईल इतका लांब सोडू नये. तीन बाजू झाकाव्यात, पुढची उघडी ठेवावी. गळ्यातला पट्टा मात्र आत जाताना न चुकता काढावा. तो तारेत अडकून फास बसू शकतो आणि याला विनोदाची बाजू नाही.

आता शिक्षण. पहिले दोन-तीन दिवस दार लावायचंच नाही. उलट ते सुतळीने मागे बांधून ठेवायचं, कारण झुलणारं दार पिल्लाच्या पाठीवर आदळलं की आठवडाभराची कमाई जाते. दाराशी एक खाऊचा तुकडा, मग उंबऱ्यावर, मग आत, मग पार मागे. तुकडा नखाएवढा असावा. उकडलेली कोंबडी सर्वांत लवकर शिकवते. शाकाहारी घरात पनीर आणि उकडलेलं रताळं तेच काम थोड्या सावकाशीने करतात. बेदाणे, मनुका, कांदा, लसूण आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत. ही यादी फ्रिजवर लावली तरी 'प्रसादाला नाही म्हणू नये' या न्यायाने शिऱ्यातला बेदाणा आत पोहोचतो, म्हणून ती देवघराजवळही लावावी. जेवणाची वाटी रोज क्रेटमध्येच ठेवली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाटी दिसताच पिल्लू आत जाऊन उभं राहतं. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांच्या तोंडाला सुटलेल्या पाण्यावरून एवढं शास्त्र उभं राहिलं. इथे तो प्रयोग रोज दोन वेळा, भांड्यांच्या आवाजावर पार पडतो.

आत जायला एक शब्द ठरवावा. 'आत' हा पुरेसा आहे: छोटा, स्पष्ट, आणि खेकसून म्हणायला कठीण. अडचण अशी, की घरातली चार माणसं चार शब्द ठरवतात. आई 'जागेवर' म्हणते, बाबा 'गो इन', आजोबा 'चला झोपायला' असं आदरार्थी, आणि नात नुसतं बोट दाखवते. पिल्लू चौघांकडे आळीपाळीने बघतं आणि ज्याच्या हातात पनीर आहे त्याचं ऐकतं. यात त्याचं काही चुकत नाही.

पिल्लू आपणहून आत जाऊन बसायला लागलं की दार लोटायचं, पाच सेकंदांनी उघडायचं. मग दहा, तीस, एक मिनिट, पाच मिनिटं. मग खोलीबाहेर जाऊन परत यायचं. आत चघळायला रबरी खेळणं द्यावं, त्याच्या पोकळीत दही भरून गोठवलं तर अर्धा तास निभतो. रोजच्या वाढीत एखादी पायरी पिल्लाला जड गेली तर आधीच्या पायरीवर यायचं. हे सगळं लिहायला चार ओळी लागतात आणि करायला दोन-तीन आठवडे, काही पिल्लांना त्याहून जास्त. बहुतेक घरांचा धीर तीस सेकंदांच्या पायरीवर सुटतो. तीस सेकंदांवरून ती थेट 'जरा भाजी घेऊन येतो'वर जातात, आणि भाजी घेऊन येईपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'बी विंगमध्ये कुणाचं कुत्रं रडतंय?' हा मेसेज आलेला असतो.

रात्रीचा प्रश्न वेगळा आहे. आदल्या आठवड्यापर्यंत पाच-सहा भावंडांच्या ढिगात झोपलेलं पिल्लू एकट्याने हॉलमध्ये झोपेल ही अपेक्षाच अवास्तव आहे. पहिले काही आठवडे क्रेट पलंगाशेजारी घ्यावा. हात खाली सोडला तर बोटं जाळीला लागतात आणि बऱ्याच रडण्याचा निकाल तेवढ्यावर लागतो. मध्यरात्री अचानक सुरू झालेलं अस्वस्थ कुईकुई बहुधा शूचं असतं. उचलायचं, ठरलेल्या जागी न्यायचं, काम झालं की परत आत. दिवा मोठा करायचा नाही, खेळायचं नाही, बोलायचं नाही. 'शू शू शू' एवढं चालतं. मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ते करून झालंय आणि पिल्लंही त्याला प्रतिसाद देतात.

शू नसेल आणि नुसती सोबत हवी असेल तर? पूर्वीचा सल्ला होता, रडू द्या, आपोआप थांबेल. हा सल्ला निम्माच बरोबर आहे, आणि देणारे बहुधा दुसऱ्या मजल्यावर राहतात. घाबरून घसा फुटेपर्यंत ओरडणाऱ्या पिल्लाला तसंच ठेवलं तर ते क्रेटची धास्ती शिकतं; तिथे पायरी मागे घेणं हाच मार्ग. पण सहज कुरकुर, थांबून अंदाज घेत केलेली, ही वेगळी. स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ च्या त्यांच्या ग्रंथात दाखवलेली गोष्ट इथे लागू पडते: ज्या वागण्याला दर वेळी नाही पण अधूनमधून बक्षीस मिळतं, ते सुटायला सर्वांत कठीण. चाळिसाव्या कुईला दार उघडणारा माणूस पिल्लाला एकच गणित शिकवतो, की भाव चाळीस कुई आहे. दोन मिनिटं शांतता मिळाली की मग उघडायचं, असा ठराव घर करतं. तो आजोबांच्या अनुपस्थितीत मंजूर झालेला असतो. पहाटे साडेपाचला उठून ते कडी काढतात, पोळीचा तुकडा देतात, आणि 'बघा, माझ्याकडे मुळीच रडत नाही' असं सगळ्यांना सांगतात.

क्रेटमधून बाहेर काढलेलं पिल्लू थेट शूच्या जागी न्यावं. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावरही. त्याला किती वेळ धरवतं याचा ढोबळ हिशेब असा: जितके महिने वय, त्यात एक मिळवून येतील तितके तास. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. ही जास्तीत जास्त मर्यादा आहे, वेळापत्रक नव्हे. लसींची मालिका साधारण चार महिन्यांपर्यंत चालते, आणि ती संपेपर्यंत इतर कुत्री फिरतात तिथे पिल्लाला उतरवू नये असं डॉक्टर सांगतात. तोवर गॅलरीचा कोपरा आणि वर्तमानपत्र. यासाठी आजची पुरवणी घेऊ नये, शब्दकोडं सोडवायचं राहिलेलं असतं. लसी झाल्यावर लिफ्ट. पाचव्या मजल्यावरून निघालेली लिफ्ट चौथ्यावर थांबते, तिसऱ्यावर थांबते, दुसऱ्यावर कुणीतरी 'वर की खाली?' विचारतं, आणि तळमजल्यावर नेण्याचं कारण उरत नाही. 'लिफ्टमध्ये कुत्र्यांना मनाई' अशी पाटी लावणाऱ्या सोसायट्यांना भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत असं करता येत नाही म्हणून बजावलं आहे. मात्र लादी पुसणं पालकाकडेच राहतं. वास मुळापासून घालवणारं एन्झाइमचं द्रावण वापरावं. अमोनिया असलेलं क्लीनर नको. त्याचा वास पिल्लाला स्वतःच्या कामगिरीसारखाच वाटतो आणि ते तिथेच परत येतं.

कुणी घरी नसेल आणि नोकरी नऊ तासांची असेल, तर क्रेट हे उत्तर नव्हे. दिवसा लहान पिल्लाला सलग दोन-तीन तासांपेक्षा आणि मोठ्या कुत्र्यालाही चार-पाच तासांपेक्षा जास्त बंद ठेवू नये. मधे येणारं माणूस लागतं, किंवा जाळीचा कठडा लावून मोकळा केलेला कोपरा. शिक्षा म्हणून आत टाकणं तर सर्वांत महाग पडतं. चप्पल खाल्ली म्हणून ओरडून आत कोंडलेलं पिल्लू चपलेबद्दल काहीच शिकत नाही, क्रेटबद्दल शिकतं. आणि एकटं राहण्याच्या भीतीने जे कुत्रं जाळी चावून दात मोडून घेतं, त्याला जास्त मजबूत जाळी नको असते, डॉक्टर हवा असतो.

सवय नीट लागली की घरात एक विचित्र अवस्था येते. दार दिवसभर सताड उघडं, कडीवर धूळ, आणि कुत्रा आत. पाहुण्यांची पोरं आली की आत, दिवाळीत पहिली माळ लागली की आत, नखं कापायची कात्री दिसली की सगळ्यांच्या आधी आत. सकाळी त्याला फिरायला काढायचं तर खाऊचा तुकडा दाराबाहेर ठेवून शिकवणी उलट्या दिशेने घ्यावी लागते.

साधारण दीड-दोन वर्षांनी, कुरतडणं थांबलं आणि घरात एकटं ठेवून भरवसा बसला, की क्रेट काढून ठेवता येतो. काही कुत्र्यांना तो जन्मभर हवा असतो. त्यांच्याकडून काढून घेण्याचं काही कारण नाही. काढलाच, तर तो जपून ठेवायच्या आत नात्यातलं कुणीतरी पिल्लू आणतं आणि मागायला येतं. आधीचं पिल्लू पार्व्होने आजारी पडलं असेल तर तो द्यायचा विचार जपून करावा, कारण तो विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. एरवीही देण्याआधी ट्रे आणि जाळी साबणाने धुऊन, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या द्रावणात दहा मिनिटं ओली ठेवावी, मग भरपूर पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी. जाळीचा तो मधला पडदा बरोबर द्यावा, नेणाऱ्याला तो कशाचा आहे ते सांगावं, आणि ट्रे सापडत नसेल तर गॅलरीतल्या कुंड्यांखाली बघावं.